बर्फाचे दोन खडे, परातभर पाणी आणि अरबी समुद्र

भूगोल शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. सागरी प्रवाहांचा धडा आला की पोरं नकाशावरचे बाण पाठ करतात. लाल बाण उष्ण, निळे थंड, संपलं. मुळात पाणी हलतं कशामुळे, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून जुलैतल्या एखाद्या रविवारी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत मी खालचे प्रयोग मांडते. सामान बहुतेक स्वयंपाकघरातलं.

आधी रंगाचं बघा. पहिल्या वर्षी मी रांगोळीचा रंग वापरला होता. थंड पाण्यात टाकला, तो सरळ तळाशी गेला. "काकू, थंड पाणी खाली गेलं!" पोरं ओरडली, मीही खूश. मग शेजारच्या एका चौथीतल्या मुलीनं तोच रंग गरम पाण्यात टाकला. तिथंही तळाशीच! रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती कुठेही बुडणार. तेव्हापासून पाण्यात पूर्ण विरघळणारा खायचा रंगच घ्यायचा, हा आमच्या गॅलरीचा नियम.

रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गडद रंगाचं पाणी ओतून ठेवा. सकाळी काचेचे दोन सारखे ग्लास घ्या आणि दोन्हींत नळाचं पाणी भरा. एकात शीग लावून चहाचा चमचाभर मीठ घालून पाणी नितळ होईपर्यंत ढवळा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या हिशेबानं ग्लासाला एवढं पुरतं. पाणी स्थिर होऊ द्या. मग प्रत्येकात एकेक रंगीत खडा अलगद सोडा आणि हात मागे घ्या. इथे घाई करू नका, पाच मिनिटं नुसतं बघत बसा.

गोड्या पाण्यातल्या खड्याखालून रंगाच्या बारीक बारीक दोऱ्या सुटतात आणि वळत वळत तळाशी जातात. थंड पाणी जड, म्हणून खाली. खाऱ्या ग्लासात मात्र रंग खालीच उतरत नाही. खड्याभोवती वरच्या वर पसरतो, जशी दुधावर साय. वितळलेलं पाणी तितकंच थंड आहे, पण त्यात मीठ नाही, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं पडतं. आता पोरांना पैज लावायला सांगा, आधी कुठला खडा संपेल? मिठानं बर्फ लवकर वितळतो हे ऐकलेलं असतं, त्यामुळे सगळे खाऱ्यावर लावतात आणि हरतात. खाऱ्यातल्या खड्याला स्वतःच्याच थंड पाण्याची दुलई मिळते, खालचं कोमट पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. गोड्यातला खडा दिसेनासा होतो तेव्हा खाऱ्यातला चांगला शिल्लक असतो.

हीच दुलई बंगालच्या उपसागरावर असते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती तिथे गोडं पाणी ओततात, ते वर तरंगत राहतं आणि वाऱ्याला खालचं पाणी सहज घुसळता येत नाही. आपल्या अरबी समुद्रात नद्या कमी, वाफ जास्त, म्हणून तो अधिक खारट. एकाच देशाचे दोन किनारे, पण पाण्याचा स्वभाव वेगळा.

मग मीठ मोठं की तापमान? थंड गोड्या पाण्याच्या ग्लासात आंघोळीइतकं कोमट, रंगीत, खारट पाणी ड्रॉपरनं कडेनं सोडा. (उकळतं नको, माझा एक ग्लास त्यात तडकलाय.) कोमट असूनही ते बुडतं. गोडं पाणी ३० अंशांवरून ४ अंशांवर आणलं तरी अर्ध्या टक्क्यानंही जड होत नाही, आणि समुद्राइतकं मीठ घातलं की अडीच टक्क्यांहून जास्त होतं. पण यावरून समुद्रात नेहमी मीठच जिंकतं असं पोरांना सांगू नका. खुल्या समुद्रात खारटपणाचा फरक बहुतेक ठिकाणी दोन-चार ग्रॅमचा, तापमानाचा मात्र विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत तीस अंशांचा. दोन्ही एकत्र आले की खरी गंमत. ध्रुवाकडे समुद्र गोठताना बर्फ मीठ मागे टाकतो, उरलेलं पाणी थंडही आणि खारटही होतं आणि बुडतं. अरबी समुद्राच्या तळाशी पाणी २ अंशांच्या आसपास असतं, ते असंच अंटार्क्टिकाकडून सरकत आलेलं.

राहिला वारा. परातीत दोन बोटं पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरवा आणि तळाशी मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एकच खडा ठेवा. एका कडेकडून स्ट्रॉनं पाण्यावर तिरकी, हळू फुंकर मारत राहा. मिरपूड पुढे पळते, आणि तळाची जांभळी रेघ उलट तुमच्याकडे येऊन तुमच्या कडेला वर चढते. वरचं पाणी वाऱ्यानं ढकललं, तर त्याची जागा घ्यायला खालचं येणारच.

मोसमी वाऱ्यात सोमालियाच्या किनाऱ्याला हेच होतं, फक्त एक फरक. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. नैऋत्येचा वारा तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो, पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंड पाणी वर येतं. परातीत हे वळण दिसत नाही, तेवढं तोंडी सांगावं लागतं. हिवाळ्यात वारा फिरला की तिथला प्रवाहही उलटा वाहतो. नकाशावरचे बाण पाठ करणाऱ्यांना हा धक्का जरूर द्या.

संध्याकाळी पोरांना चौपाटीवर न्यायचं असेल तर वाळूवर निळे फुगे शोधा, पण हात लावू देऊ नका, डंख जळजळीत असतो. त्या ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे समुद्री जीव, पावसाळी वाऱ्यानं किनाऱ्याला लागलेले. तिथे कोणीतरी हमखास विचारतं, मग भरती कशानं येते? ती चंद्र-सूर्याची ओढ. तो विषय त्या दिवशी काढू नका, सगळी खिचडी होते.

आणि परमँगनेटची परात लगेच धुवा. तपकिरी डाग धरलाच तर लिंबाची फोड चोळून दहा मिनिटं ठेवा, निघतो.