प्रोपेन टँकची तारीख आणि तपासणी: या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात ग्रिलचा टँक भरून आणायला गेलो आणि भरणाऱ्या माणसाने हँडलच्या कॉलरवर बोट ठेवून सांगितलं की हा मी भरू शकत नाही. तिथे ०५-१२ असं ठोकलेलं होतं. मी म्हटलं अहो रंगसुद्धा गेला नाहीये, टँक चांगला दिसतोय की. त्याने काही न बोलता टँक आडवा केला आणि तळाच्या कडीच्या आतून नख फिरवलं, तर गंजाचे पापुद्रे निघून त्याच्या तळहातावर आले. इतकी वर्षं तो टँक आमच्या मागच्या दाराशी, मुलं खेळतात तिथे उभा होता आणि एकदाही मी तो उलटा करून बघितला नव्हता. तेव्हापासून कोणाकडे ग्रिल दिसलं की आधी कॉलर वाचतो, आणि त्याच त्याच चुका सगळीकडे दिसतात म्हणून हे लिहितोय. अमेरिकेत ग्रिलला जो २० पौंडी टँक लागतो त्याबद्दलच बोलतोय.

पहिली चूक तारीख वाचण्यातच होते. कॉलरवर बरेच आकडे असतात. टीडब्ल्यू म्हणजे रिकाम्या टँकचं वजन, साधारण १७-१८ पौंड, डब्ल्यूसी म्हणजे आत किती पौंड पाणी मावेल ते, बहुतेक ४७.६ च्या आसपास, आणि ४बीए२४० किंवा ४बीडब्ल्यू२४० हा टँकचा प्रकार, त्यातला २४० म्हणजे पीएसआयमधला (दर चौरस इंचाला किती पौंड) दाब. या गर्दीत महिना-वर्ष अशी जी जोडी असते ती टँक बनल्याची तारीख, मुदत संपायची नव्हे. कोणी ०९-१६ बघून म्हणतं हा तर केव्हाच संपला, आणि कोणी विकत घेतल्यापासून वर्षं मोजतं, दोन्ही चूक. नव्या टँकला बनल्यापासून १२ वर्षं मिळतात, म्हणजे ०९-१६ वाला सप्टेंबर २०२८ पर्यंत भरता येतो. कॅनडात हीच मुदत १० वर्षांची आहे.

आणि एकदा तपासणी झाली की पुढची १२ वर्षं निवांत, असं धरून चालू नका, इथे खूप लोक फसतात. पुढची मुदत कोणती तपासणी झाली त्यावर असते. नुसती बाहेरून डोळ्यांनी केलेली असेल तर नव्या तारखेनंतर ई हे अक्षर असतं आणि पुढची तपासणी ५ वर्षांनी. एस असेल तर दाबाची चाचणी झालीय, मग १० वर्षं. अक्षरच नसेल तर पाण्याचा दाब देऊन टँक किती फुगतो ते मोजलेलं असतं, त्याला १२ वर्षं. घरगुती टँकवर बहुतेक ईच दिसतं. कॉलरवर दोन-तीन तारखा असतील तर शेवटची धरायची, आणि ती स्टिकरवरही असू शकते, म्हणून कॉलर आतून-बाहेरून दोन्हीकडून बघा, माझ्या एका मित्राने स्टिकर न बघताच चांगला टँक देऊन टाकला होता.

तारखेशेजारी तपासणाऱ्याचा नंबरही लागतो. हा नंबर सरकारच्या परिवहन खात्याकडून मिळतो, फक्त डोळ्यांनी तपासणाऱ्यांचा व्ही अक्षराने सुरू होतो. नंबर नसलेली तारीख म्हणजे तारीख नाहीच. ओळखीतल्या कोणाकडे ठोकायचे पंच आहेत, तो मारून देतो म्हणाला, असलं काही करू नका, त्या आकड्यामागे टँक कोणीही बघितलेला नसतो आणि भरताना धोका भरणाऱ्याच्या अंगावर येतो.

आता रंगाचं. तपासणीला न्यायच्या आदल्या दिवशी टँक घासून वर स्प्रे पेंट मारायचा, म्हणजे पास होईल, हा विचार मनात येतो खरा (मलाही आला होता), पण तपासणारा बघतो काय तर गंजाने पडलेले खड्डे, ओरखडे, पोचे, फुगवटा, आगीच्या खुणा, वेल्डिंगची रेघ, आणि रंगाने नेमकं हेच झाकलं जातं. वरच्यावर जाड रंग चढवला की कॉलरवरचे आकडेही बुजतात आणि आकडे वाचता आले नाहीत तर टँक परत पाठवतात. खड्डा पुटीने भरून वर रंग देणं तर सरळ धोक्याचं, कारण तिथला पत्रा पातळ झालाय ही गोष्ट लपते. आधी तपासणी, मग रंग, आणि तो फिका, पांढरा किंवा करडा, गडद रंगाने टँक उन्हात जास्त तापतो. ३८ अंश सेल्सियसला आत १७० पीएसआयच्या वर दाब असतो, आणि ३७५ च्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर सोडतो, तेव्हा उगीच तापवू नका. आगीत सापडलेला टँक वरून कितीही धड दिसला तरी तो बाद. पोचा वेल्डिंगवर असेल तर पाव इंचापेक्षा खोल चालत नाही.

गंज मात्र बहुतेक वेळा खालून लागतो. ओल्या गवतावर, मातीवर, पाणी साचणाऱ्या फरशीवर टँक महिनोन् महिने उभा असतो, कडीच्या आत पाला-माती अडकते आणि ती ओल धरून ठेवते. वर प्लॅस्टिकची जाळी किंवा कव्हर असेल तर आणखी वाईट, आतलं काही दिसतच नाही. कव्हर काढा, टँक रिकामा झाला की व्हॉल्व्ह बंद करून आडवा करा, टॉर्च मारा, ब्रशने कडी साफ करा. दोन मिनिटांचं काम आहे. खाली विटा किंवा फळी ठेवली तरी खूप फरक पडतो, फक्त टँक डगमगत नाही ना ते बघा.

एक चूक आतल्या बाजूची आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. टँक रिकामा झाला म्हणून लोक व्हॉल्व्ह उघडाच सोडतात. आत हवा आणि ओल शिरते, आतून गंज धरतो, आणि प्रोपेनला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून जो उग्र वास मिसळलेला असतो तो आतल्या गंजामुळे हळूहळू मरतो. म्हणजे गॅस गळतोय आणि नाकाला पत्ताच नाही. रिकामा टँकसुद्धा बंदच ठेवायचा. एखादा टँक बराच काळ उघडा राहिला असेल तर भरणाऱ्याला तसं सांगा, तो आधी आतली हवा काढेल.

जुना टँक कोणाकडून आला असेल तर व्हॉल्व्ह बघा. पितळ निळं-हिरवं पडलं असेल तर त्यात कधीतरी अमोनिया भरला असण्याची शक्यता असते, तो पितळ आतून खातो आणि व्हॉल्व्ह कधीही तुटू शकतो. त्याला हात लावू नका, उघडून बघू नका, फायर डिपार्टमेंटला कळवा. आणि व्हॉल्व्हची चकती तीन कोपऱ्यांची आहे ना ते बघा. टँक जास्त भरू नये म्हणून आत जो फ्लोट असतो त्याची ती खूण, आणि १ एप्रिल २००२ पासून या मापाचे टँक त्याच्याशिवाय भरता येत नाहीत, तारीख कितीही ताजी असो.

आता उलटी तक्रार. टँक नुकताच भरून आणला, तारीख ठीक, पण ग्रिलची ज्योत बारीक, मग लोक टँक खराब आहे म्हणून परत घेऊन जातात. बहुतेक वेळा टँकला काही झालेलं नसतं. ग्रिलचे नॉब उघडे असताना टँकचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की जोडणीतली सुरक्षा यंत्रणा समजते की पाइप तुटलाय आणि गॅस अडवते. नॉब आणि टँक दोन्ही बंद करा, ग्रिलचं झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं थांबा, मग टँकचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा आणि नंतर पेटवा. गॅसचा वास येत असेल तर जोडणीवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे वाढत गेले तर बंद करून आतला रबर बघा, चिरलेला असतो. काडी पेटवून गळती शोधायची नाही, कधीच नाही.

मुदत संपली आणि आत अजून गॅस आहे तर घाबरून तो हवेत सोडू नका. मुदतीत भरलेला टँक धडधाकट असेल तर संपेपर्यंत वापरता येतो, फक्त पुन्हा भरता येत नाही. तोवर तो गराजमध्ये किंवा तळघरात नको, प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरत वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत जातो. बाहेर, उभा, सावलीत ठेवा. संपला की तपासून घ्या किंवा अदलाबदलीच्या ठिकाणी द्या, तिथे मुदत संपलेला टँक बहुधा घेतात. मात्र बदलून मिळणाऱ्या टँकमध्ये बऱ्याचदा २० ऐवजी १५ पौंडच गॅस असतो, म्हणून तुमचा टँक चांगला असेल तर तपासून पुन्हा भरणं परवडतं. बाद झालेला टँक घरच्या कचऱ्यात टाकू नका आणि कापू तर अजिबात नका, रिकाम्या वाटणाऱ्या टँकमध्येही गॅस उरलेला असतो. गावाच्या घातक कचरा केंद्राला फोन करून विचारा की टँक घेता का आणि कोणत्या दिवशी आणू.