अमेरिकेत फोटोग्राफी-व्हिडिओच्या एमएफएला अर्ज करणाऱ्या नवागतांसाठी

अमेरिकेत नुकतेच आला असाल आणि येत्या जानेवारीतच एमएफएचे (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) अर्ज टाकायचं मनात असेल, तर कळकळीचा सल्ला आहे: एक वर्ष जाऊ द्या. या अर्जांच्या मुदती साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतात आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. उन्हाळ्यात आलेल्या माणसाच्या हाती जेमतेम ४-५ महिने राहतात. एवढ्यात घरही नीट लागत नाही, नवं काम कुठून उभं राहणार? आणि इथली निवड कामावरच होते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी मागतच नाहीत. ग्रेड पाहतात, पण त्यावर प्रवेश ठरत नाही. १५ ते २० फोटो, काही मिनिटांचा व्हिडिओ, दोन-तीन पानं लेखन आणि ३ शिफारसपत्रं एवढ्यावर समिती निर्णय घेते.

त्या वर्षात करण्याजोगी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे जवळच्या कम्युनिटी कॉलेजात फोटोग्राफीचा किंवा व्हिडिओचा एखादा वर्ग घेणं. फी तुलनेनं कमी असते, कॅमेरे-लाइट वापरायला मिळतात, काही कॉलेजांत डार्करूम अजून चालू आहे. पण खरा फायदा क्रिटीकचा. प्रिंट भिंतीवर टाचायचे, वर्गानं बोलायचं आणि काढणाऱ्यानं बराच वेळ ऐकून घ्यायचं, ही इथल्या कलाशिक्षणाची रोजची पद्धत. आपल्याकडे फोटो दाखवताना आपण आधी त्यामागची हकिकत सांगतो, मग फोटो दाखवतो. इथे फोटो आधी बोलतो, आणि तो बोलला नाही तर हकिकतीनं भागत नाही. ही सवय मुलाखतीत शिकता येत नाही, ती आधीच अंगी बाणावी लागते. शिवाय तुमचं काम सेमिस्टरभर पाहिलेला, इथली पत्रं कशी असतात हे माहीत असलेला एक शिक्षक शिफारशीला मिळतो. एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असा वर्ग घेता येतो. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर मात्र अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. आधी स्टेटस बदलून मिळायला हवं, आणि त्यासाठीचा आय-५३९ अर्ज महिनोन्महिने चालतो. तो चालू असताना देशाबाहेर गेलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

एमएफए ही इथली या क्षेत्रातली अंतिम पदवी मानतात. साधारण २ वर्षं, ६० क्रेडिट. कॉलेजात शिकवायचं असेल तर सहसा हीच लागते. नावं मात्र सारखी नसतात. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये फोटोग्राफी, व्हिडिओ अँड रिलेटेड मीडिया असा एकत्र विभाग आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या स्कूलमध्ये फोटोग्राफी वेगळी आणि फिल्म-व्हिडिओ-अ‍ॅनिमेशन वेगळं. येलमध्ये फोटोग्राफीचा छोटा, जुना आणि फार चुरशीचा विभाग. रॉचेस्टरला आरआयटी (रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), तिथेच कोडॅकची परंपरा आणि जॉर्ज ईस्टमन म्युझियम. यादी करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा विभागाचं पान उघडा आणि मागच्या २-३ वर्षांतल्या विद्यार्थ्यांची थीसिस प्रदर्शनं पाहा. तुमचं काम त्या भिंतीवर शोभेल का, हा प्रश्न रँकिंगपेक्षा मोलाचा. तुम्हाला कथापट करायचा असेल तर ही वाटच वेगळी: न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टिशसारख्या फिल्म स्कूलचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो आणि तिथे पटकथा, नट, युनिट यांचा विचार असतो. फोटोग्राफी विभागातला व्हिडिओ बहुतेक गॅलरीच्या भिंतीसाठी असतो. ५ ते ८ ठिकाणं पुरेत. प्रत्येक अर्जाचं शुल्क वेगळं भरावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणचं लेखन नव्यानं करावं लागतं.

पोर्टफोलिओ

नव्यानं आलेल्यांच्या पोर्टफोलिओत एकच दोष वारंवार दिसतो: सगळं थोडं थोडं. ४ लग्नाचे फोटो, ३ जाहिरातीचे, घाटावरची पहाट, आणि इथे आल्यावरची ऑक्टोबरची लाल पानं. प्रत्येक फोटो चांगला असतो आणि तरीही समितीला माणूस दिसत नाही. एक सलग काम द्या, फार तर दोन. १५ फोटो एका विषयावर, एका नजरेनं काढलेले, आणि हवं तर ५ दुसऱ्या मालिकेतले. व्यावसायिक अनुभव रेझ्युमेत लिहा. पोर्टफोलिओत त्याची गरज नाही.

निवड स्क्रीनवर करू नका. ६०-७० फोटोंचे ४ बाय ६ इंची स्वस्त प्रिंट काढा, जमिनीवर पसरा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. ज्या प्रिंटवरून रोज नजर घसरते, तो काढून टाका. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक ठेवा, आणि तो बहुधा तुमचा लाडका नसेल. पहिला फोटो सगळ्यात भडक असायची गरज नाही. पुढे काय पाहायचं आहे हे त्यानं सांगितलं की झालं. बऱ्याच संस्था स्लाइडरूम नावाच्या यंत्रणेवर काम मागवतात. तिथे आधी सगळे फोटो छोट्या चौकटींत एकत्र दिसतात, मग एकेक उघडतात. तेव्हा २० फोटो तळहाताएवढ्या चित्रांत मांडून एकदा पाहाच. उभे-आडवे कसेही मिसळले असतील तर तिथेच खटकतं.

फाइल जेपेगमध्ये, रंग एसआरजीबीत (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) आणि प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे याची माहिती, फाइलमध्ये जोडलेलं हवं. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइलशिवाय गेली तर ब्राउझरमध्ये कातडीचे रंग मरगळलेले दिसतात आणि दोष फोटोच्या माथी येतो. लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास पुरते; कमाल आकार प्रत्येक संस्था सांगते, तो तंतोतंत पाळा. प्रत्येक फोटोखाली शीर्षक, साल, माध्यम आणि प्रिंटचं माप लिहा. माप इंचांत. कधी मोठा प्रिंट केलेलाच नसेल तर ज्या मापात काम पाहिलं जावं असं वाटतं ते ठरवून लिहा, पण पुढे मुलाखतीत त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

व्हिडिओतल्या खास अडचणी

भारतातून आणलेल्या कॅमेऱ्यावर इथे चित्रीकरण करताना पहिल्याच दिवशी एक सेटिंग बदला. भारतात वीज ५० हर्ट्झवर चालते, इथे ६० वर. कॅमेरा पाल (भारतातली व्हिडिओ पद्धत) आणि ५० हर्ट्झवर राहिला, शटर १/५० असलं, की ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र लपलपतं, आडवे पट्टे सरकताना दिसतात. हे नंतर एडिटिंगमध्ये धड निघत नाही. मेन्यूत एनटीएससी ही इथली पद्धत निवडा, शटर १/६० किंवा १/१२० ठेवा. जुनं २५ फ्रेमचं आणि नवं ३० फ्रेमचं चित्रीकरण एकाच टाइमलाइनवर घेतलं तर हालचालीत बारीक धक्के येतात. तेव्हा भारतात केलेलं काम आणि इथलं काम शक्यतो वेगवेगळ्या फाइलमध्येच द्या. आणि फक्त २३० व्होल्टवर चालणारे स्टुडिओ फ्लॅश तिकडून वाहून आणू नका. इथे वीज १२० व्होल्ट.

एकूण व्हिडिओ किती मिनिटं चालेल हे संस्था सांगते. ५ ते १० मिनिटं ही साधारण मर्यादा. फाइलच्या आकाराला मर्यादा असेल तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा) अंदाजानं टाकू नका, गणित करा. एमबीला ८ नं गुणा आणि सेकंदांनी भागा. समजा २५० एमबीत ६ मिनिटांचा व्हिडिओ बसवायचा आहे: २५० गुणिले ८ म्हणजे २०००, भागिले ३६० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ५.५ मेगाबिट. त्यातले ०.३ आवाजाला, ५ चित्राला ठेवले की १०८० रेझोल्यूशनची एच.२६४ फाइल २४० एमबीच्या आत बसते. एक्स्पोर्टला दोन पासचा पर्याय निवडा, नाहीतर झाडांची पानं, पाणी, धूर अशा दृश्यांत आकार मर्यादेबाहेर जातो किंवा चित्राचे चौकोन पडतात.

समितीतले बरेच जण पहिल्या अर्ध्या मिनिटात पुढे पाहायचं की नाही हे ठरवतात. नावांच्या पाट्या, लोगो, काळा पडदा, हळूहळू येणारं संगीत यांत ते अर्धं मिनिट घालवू नका. काम मुळात संथ असेल तर संथच दाखवा, पण कामापासून सुरुवात करा. मराठी बोलणं असेल तर इंग्रजी सबटायटल चित्रावरच उमटवून द्या. वेगळी सबटायटल फाइल अपलोडमध्ये गळून जाते. दोन-तीन पडद्यांचं इन्स्टॉलेशन असेल तर पडदे शेजारी शेजारी मांडलेला एक व्हिडिओ करा आणि वर्णनात पडद्यांचं माप, आवाज कुठून येतो, लूप किती लांबीचा, हे दोन ओळींत लिहा. लिंक द्यायची असेल तर पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, लॉगिन न करता, ती एकदा उघडून पाहा.

लेखन आणि पत्रं

आर्टिस्ट स्टेटमेंट आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज यांची गल्लत होते. पहिल्यात काम काय आहे ते असतं: कशाचे फोटो, कसे काढले, त्यातून कुठला प्रश्न उभा राहिला. दुसऱ्यात तुम्हाला हेच शिक्षण आत्ता आणि इथेच का हवं ते. ‘लहानपणापासून फोटोग्राफीची आवड होती’ हे वाक्य आणि वडिलांच्या कॅमेऱ्याचा परिच्छेद काढून टाका. त्या जागी एखाद्या विशिष्ट फोटोबद्दल ४ वाक्यं लिहा: कॅमेरा कुठे उभा केला, समोरच्या माणसाशी काय ठरलं होतं, काय फसलं आणि म्हणून पुढचा फोटो कसा बदलला. एखाद्या प्राध्यापकाचं नाव घ्यायचं असेल तर ते यंदा शिकवत आहेत का, सुट्टीवर किंवा पाहुणे म्हणून नाहीत ना, हे आधी बघा.

शिफारसपत्राची लिंक यंत्रणेकडून थेट शिक्षकाच्या ईमेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. म्हणून मुदतीच्या ६ आठवडे आधी विचारा, लिंक पाठवली त्या दिवशी कळवा, १० दिवसांनी आठवण द्या. शक्य असेल तर शिक्षकाचा संस्थेचा ईमेल द्या. भारतातले काही गुरुजन प्रेमानं म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे टाळाच. तिन्ही पत्रांचा सूर एक आला की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि मुळात ते अप्रामाणिक आहे. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना पोर्टफोलिओ, स्टेटमेंटचा मसुदा आणि त्यांच्या वर्गात केलेल्या कामाची अर्ध्या पानाची आठवण पाठवा. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अर्जात असतो; तिथे ‘हो’ म्हणा. बंद पत्रालाच वजन असतं.

मार्कशीट, नावं, पदव्या

मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, कधी आईचंही नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव बदललेलं. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव भरा आणि ‘आधीचं नाव’ या रकान्यात मार्कशीटवरचं जसंच्या तसं लिहा. नाहीतर परीक्षेचे गुण एका फायलीत आणि ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या फायलीत पडतात, आणि अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला राहतो. बीएफए ४ वर्षांची असते, त्यामुळे अडचण कमी. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची ३ वर्षांची पदवी काही विद्यापीठं स्वीकारतात, काही नाही. शुल्क भरण्यापूर्वी ग्रॅज्युएट अ‍ॅडमिशन्स ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेचं मूल्यमापनही त्यांनी मागितलं तरच करून घ्या. टोफेल आणि आयईएलटीएसचे गुण २ वर्षंच चालतात. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर सूट मिळते का ते विचारा.

पैसा आणि व्हिसा

खासगी आर्ट स्कूलची फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. सरकारी विद्यापीठांत असिस्टंटशिप (शिकवण्याचं किंवा विभागाचं अर्धवेळ काम) मिळाली तर फी माफ किंवा कमी होते आणि वर मानधन मिळतं. कर्ज काढून कलेची पदवी घेण्याआधी या विद्यापीठांकडे मनापासून पाहा. पण इथे एक पेच आहे. असिस्टंटशिप म्हणजे नोकरी, आणि एच-४वर ईएडी म्हणजे कामाचा परवाना नसेल तर ती करता येत नाही. त्यासाठी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा लागतो. उलट एच-४वर असताना अनेक राज्यांत वर्षभर राहिल्यावर स्थानिक रहिवाशाच्या दरानं फी भरता येते, तर एफ-१वर तो दर सहसा मिळत नाही. असिस्टंटशिप हातात लेखी आल्याशिवाय व्हिसा बदलू नका. ग्रीन कार्ड असेल तर एफएएफएसए हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरा. एफ-१ आणि एच-४ला ती मदत मिळत नाही.

एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे शिकलेल्या क्षेत्रात काम करायची मुभा. त्यात आपल्याच क्षेत्रात स्वतंत्र काम करता येतं, मात्र करार आणि बिलं जपून ठेवा. पुढची २४ महिन्यांची वाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना आहे आणि फोटोग्राफीची पदवी सहसा त्यात बसत नाही. विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० या कागदावर सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, छापलेला असतो. तो काय असेल हे प्रवेश घेण्याआधी विचारा, कारण काही मीडिया अभ्यासक्रमांचा कोड वेगळा असतो.

मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुतेक ऑनलाइन, २०-३० मिनिटांच्या. तुम्हीही विचारा: स्वतःचा स्टुडिओ मिळतो का, लॅब रात्री उघडी असते का, मोठ्या प्रिंटची शाई-कागद कुणाच्या खर्चानं, शिकवण्याच्या जागा किती जणांना मिळतात, आरोग्य विम्याचा खर्च किती. हेच प्रश्न सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना वेगळे विचारा. फरक आढळला तर विद्यार्थ्यांचं उत्तर धरा. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मान्य केलेल्या विद्यापीठांत आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. स्वतंत्र आर्ट स्कूल हा ठराव पाळतातच असं नाही, म्हणून उत्तराची आणि डिपॉझिटची तारीख पत्रातच पाहा. दुसरीकडून चांगला प्रस्ताव आला असेल तर त्या तारखेआधी, सभ्य शब्दांत, जास्त मदत मागायला संकोच करू नका.