जळालेला फ्लॅट घेताय? आधी स्लॅब, मग लोन, किमतीचं सगळ्यात शेवटी

आग लागून गेलेला फ्लॅट विकायला आला की एजंट सांगतो, पुट्टी मारा, रंग द्या, दोन महिन्यांत राहायला या. एवढ्यावर टोकन देऊ नका. काजळी पुसता येते, खरा प्रश्न स्लॅबचा असतो, आणि त्याच्या रिपोर्टवरच तुमचं लोन होणार की अडकणार ते ठरतं.

जुन्या ॲग्रीमेंट्सची चेन, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा), ओसी (महापालिकेचा राहायला परवानगीचा दाखला), सोसायटीची थकबाकी हे कुठल्याही रीसेलसारखंच. जास्तीचं म्हणजे अग्निशमन दलाचा फायर रिपोर्ट, विक्रेत्याचा इन्शुरन्स क्लेम मिटला का, आणि ओरिजिनल कागद आगीत गेले का. गेले असतील तर पोलिसांत नोंद, पेपरात जाहीर नोटीस, रजिस्ट्रारकडून सर्टिफाईड कॉपी, डुप्लिकेट शेअर सर्टिफिकेट, हे सगळं विक्रेत्याने करून द्यायचं, तुम्ही खेटे घालायचे नाहीत. बिल्डिंगवर महापालिकेची सी-१ची, म्हणजे बिल्डिंग धोकादायक म्हणून रिकामी करायची नोटीस असेल तर मात्र तिथूनच परत फिरा.

आता स्लॅब. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला होता म्हणून सविस्तर सांगतो. काँक्रीट साधारण ३०० डिग्रीच्या पुढे तापलं की ताकद उतरायला लागते, आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही. सळईचं वेगळं असतं. साधी सळई ६०० डिग्रीच्या आत राहिली तर थंड झाल्यावर बऱ्यापैकी सावरते, पण जुन्या बिल्डिंगमधली पीळ दिलेली टॉर सळई थंड असताना पिळूनच मजबूत केलेली असते, ती ४५०च्या वर तापली की पिळाने आलेली ताकद कायमची जायला लागते. म्हणजे जिथे बिल्डिंग जुनी म्हणून भाव उतरतो तिथेच धोका जास्त.

दुसरं, वायरी आणि पाईपांचं पीव्हीसी जळलं की त्याच्या धुरातून क्लोराईड काँक्रीटवर बसतं, वर आपली दमट हवा, मग सळई आतल्या आत गंजत राहते आणि तुमच्या नव्या कोऱ्या प्लास्टरचे पोपडे निघतात. म्हणून विक्रेत्याने आधीच प्लास्टर-रंग करून ठेवला असेल तर मी तो फ्लॅट बघायलाही जात नाही. उघडा काळा स्लॅब दाखवणारा माणूस परवडला.

हातोडीने ठोकून बघा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत थर सुटलाय. पण तेवढ्यावर थांबू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःच्या पैशाने लावा, विक्रेत्याने आणलेला नको, आणि नुसत्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर सर्टिफिकेट देणारा तर अजिबात नको, ती टेस्ट फक्त वरच्या थराचं सांगते. अल्ट्रासोनिक पल्स (ध्वनिलहरी सोडून आतली अवस्था बघणं), कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासणं) आणि क्लोराईड या तीन टेस्ट मागा, आणि कोअर जिथे आग सगळ्यात जास्त होती तिथलाच काढायला लावा, सोयीच्या कोपऱ्यातला नाही. वरच्या मजल्यावरही जाऊन या, तुमचं सीलिंग म्हणजे त्यांची जमीन, लाद्या उचलल्यात का बघा. कोअरसाठी सोसायटीची परवानगी लागतेच, त्याच अर्जात स्लॅब-बीमच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार हे कमिटीकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासन नको.

रिपोर्टमध्ये कुठला स्लॅब, कुठली बीम, दुरुस्ती कशी, आणि दुरुस्तीनंतर घर राहायला सुरक्षित आहे, हे स्पष्ट लिहून घ्या. बँकेच्या व्हॅल्युअरच्या हातात तेच द्यायचंय. तो आजची अवस्था बघतो, काळ्या भिंतींचे फोटो काढतो, आणि सोबत रिपोर्ट नसेल तर टेक्निकल निगेटिव्ह, म्हणजे या घरावर लोन देऊ नका असा शेरा मारून मोकळा होतो. रिझर्व्ह बँकेची मर्यादा ३० लाखांपर्यंतच्या लोनला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५, पण हे टक्के साधारणपणे व्हॅल्युएशन आणि करारातली रक्कम यातल्या कमी आकड्यावर धरतात, स्टॅम्प ड्युटीचे पैसे तुमचे तुम्हीच काढायचे. खरेदीचं लोन आणि होम इम्प्रूव्हमेंट लोन एकाच बँकेत एकदमच मागा. दुरुस्तीसाठी पर्सनल लोन काढू नका, व्याज जास्त, मुदत कमी, आणि काम चालू असताना तुम्ही राहत्या घराचं भाडंही भरत असता. टोकनच्या कागदावर एक ओळ हवीच, बँकेचं टेक्निकल निगेटिव्ह आलं तर टोकन पूर्ण परत. ही ओळ लिहायला विक्रेता तयार नसेल तर सोडून द्या.

भाव पाडताना रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला त्या भागाचा दर, डोळ्यासमोर ठेवा. जळालेलं घर म्हणून त्याच्या खाली घेतलंत तरी स्टॅम्प ड्युटी रेकनरवरच लागते, मुंबईत ६ टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर ५. आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला की तो तुमचं उत्पन्न धरून त्यावर इन्कम टॅक्सही लागू शकतो. एजंट हे कधीच सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो. तफावत मोठी असेल तर रजिस्ट्रेशनच्या आधी फायर रिपोर्ट आणि फोटो लावून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे ॲडज्युडिकेशनला, म्हणजे ड्युटी किती लागते ते ठरवून घ्यायला टाका, वेळ लागतो पण तो काढा.

रजिस्ट्रेशन, सोसायटीत नाव लावणं, मीटर नावावर करणं नेहमीसारखंच. वायरिंग सगळं नवीन, जुन्यातलं काही ठेवायचं नाही.

काम सुरू झालं की दुरुस्तीचे पैसे बँक टप्प्याटप्प्याने सोडते, त्यामुळे स्लॅबची दुरुस्ती उघडी असतानाच फोटो काढा, इंजिनिअरची सही घ्या, आणि व्हॅल्युअर बघून जाईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला ती प्लास्टरने झाकू देऊ नका.