ॲना कॅरेनिना वाचायला घेताय? मग हे जरा बघा

जाडी बघून घाबरू नका, टॉलस्टॉयची ही कादंबरी १८७५ पासून एका रशियन मासिकात हप्त्याहप्त्याने आली होती त्यामुळे प्रकरणं छोटी छोटी आहेत, दोन-तीन वाचून ठेवून दिलं तरी लिंक तुटत नाही.

नावांचा घोळ होतोच. स्तेपान अर्काद्येविच, ओब्लोन्स्की आणि स्तिवा हा एकच माणूस, मधलं नाव बापाचं असतं, म्हणून ॲना अर्काद्येवना ही त्याची बहीण. कागदावर लिहून पुस्तकातच खोचून ठेवा.

ॲना पहिल्या भागाच्या १८व्या प्रकरणात येते, तोवर धीर धरा. आधी भावाची भानगड आहे, मुलांच्या जुन्या गव्हर्नेसबरोबर, बायको डॉलीला कळलेलं, आणि ॲना येते ती त्यांचा संसार सावरायला! त्याच फेरीत तिला व्रोन्स्की भेटतो, ज्याच्या प्रेमात ती पडते तो तरुण लष्करी अधिकारी.

मग लोक काय करतात तर लेविनची पानं उडवतात, हा कादंबरीतला दुसरा नायक, गावाकडचा जमीनदार, आणि त्याच्या पानांत शेती आहे म्हणून. तसं अजिबात करू नका. अर्धं प्रेम तर त्याच पानांत आहे. चौथ्या भागात तो आणि डॉलीची धाकटी बहीण किटी पत्त्यांच्या टेबलावर खडूने फक्त शब्दांची पहिली अक्षरं लिहितात आणि दुसऱ्याला अख्खं वाक्य कळतं, जरा फिल्मी वाटतं खरं, पण टॉलस्टॉयने स्वतःच्या होणाऱ्या बायकोबरोबर, सोफियाबरोबर, हेच केलं होतं, १८६२ मध्ये त्यांचं लग्न झालं. याच्या शेजारी सहाव्या भागातला मशरूमचा प्रसंग ठेवून वाचा. लेविनचा सावत्र भाऊ कोझ्निशेव आणि किटीची मैत्रीण वारेंका जंगलात मशरूम गोळा करतायत, मागणी घालायची म्हणून त्याने मनात शब्दसुद्धा जुळवलेत, तीही वाट बघतेय, आणि तेवढ्यात तिच्याच तोंडून मशरूमबद्दल काहीतरी निघून जातं, मग हाही विचारतो की या दोन जातींत फरक काय, ती सांगते वरच्या टोपीत फारसा नाही, देठात आहे. संपलं. दोघांनाही कळतं की आता हे होणार नाही. मला तर अख्ख्या कादंबरीत ॲना शेवटी रेल्वेखाली जाते त्यापेक्षा हे जास्त लागतं.

ॲनाच्या नवऱ्याला, कॅरेनिनला, व्हिलन करून मोकळं होऊ नका. स्टेशनवर ॲनाला अचानक नवऱ्याचे कान खटकायला लागतात, तिथे आपण तिच्या बाजूने हसतो, पण पुढे ती आजारात मरणाच्या दारात असताना हाच माणूस व्रोन्स्कीला माफ करतो. तिथे थांबून आपल्याला त्याच्याबद्दल काय वाटतंय ते पेन्सिलीने कडेला लिहा, जिथे जिथे ॲनाचा राग येतो तिथेही खूण करा. नंतर कुणाला पुस्तकाबद्दल सांगायचं झालं तर ‘अप्रतिम, नक्की वाचा’ याच्यापलीकडे काहीतरी हाताशी असतं.

शेवट बहुतेकांना आधीच माहीत असतो, हरकत नाही, रहस्यकथा थोडीच आहे. पण ॲना सातव्या भागात जाते आणि पुस्तक आठव्यात संपतं. त्यातली युद्धाबद्दलची मतं न पटल्याने मासिकाच्या संपादकाने तो भाग छापायला नकार दिला, शेवटी टॉलस्टॉयने तो स्वतः वेगळा काढला. तर तो वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका, लेविन तिथे अजून भांडतोय स्वतःशी, आणि सुखाने लग्न झाल्यावरसुद्धा.