तुरुंगातून सुटलेल्या माणसासाठी खोली शोधताना

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात, फिल्डवर्कसाठी कोल्हापूरचं कळंबा कारागृह मिळालं तेव्हा वाटलं, आपण बसून समुपदेशन करणार. प्रत्यक्षात पहिलं वर्ष लोकांचे जिने चढण्यात गेलं. खोली आहे का, डिपॉझिट किती, कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती एक खाट भाड्यानं, चालेल का. या कामात नव्यानं येताय तर एवढं धरूनच या.

आधी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधलं कलम ४ वाचा. दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचं तर त्याचा किंवा त्याच्या जामीनदाराचा राहण्याचा पक्का पत्ता किंवा नियमित कामधंदा आहे, याची कोर्टाला खात्री पटावी लागते. बेघर माणूस इथंच अडकतो. पण त्यातला ‘किंवा’ विसरू नका. घर नसेल तर काम दाखवता येतं, स्वतःचं काहीच नसेल तर जामीनदाराचं. अशा माणसाची चौकशी करून कोर्टाला कळवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल जाण्याआधी हे त्यांच्या कानावर घाला. नंतर धावपळ करून उपयोग नसतो.

शिक्षा पूर्ण भोगून सुटणाऱ्याला मात्र पत्ता कुणीच विचारत नाही. गेट उघडलं, पिशवी हातात, पुढं त्याचं तो बघेल. म्हणून सुटकेच्या तीनेक महिने आधी त्याच्या घरी जाऊन यायचं. कागल तालुक्यातल्या एका आईनं मला चहा दिला, पोराची तब्येत विचारली आणि मी उठताना म्हणाली, ‘‘ताई, त्येला हिकडं आणू नगासा.’’ माया आटली नव्हती. फिर्यादीचं घर समोरच होतं. अशा ठिकाणी घरच्यांना गळ घालत बसू नये, सरळ दुसरं गाव बघावं.

घरमालकांच्या बाबतीत मी दोन्हीकडून चुकले. पहिल्याला पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलं, दार लागलं. दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात गेली आणि आठवड्याच्या आत त्या माणसाचं सामान जिन्यात. ही चूक जास्त महागात पडली, कारण त्यानंतर त्या गल्लीत माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही. आता मी माणसालाच सोबत नेते. बोलायचं त्यानं. गुन्ह्याची कहाणी सांगायची गरज नाही, पण विचारलं तर खोटं नाही.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडं ठेकेदार कामगारांना खोली देतात, तिथं प्रश्नही कमी विचारतात. सुरुवातीला बरं. पण काम सुटलं की त्याच दिवशी कॉटही जाते, तेव्हा पहिल्या पगारापासून डिपॉझिटसाठी थोडे बाजूला काढायला लावा. महापालिकेचा बेघर निवारा तात्पुरता आधार. बाईसाठी शक्ती सदन, म्हणजे निराधार बायकांसाठीचं सरकारी योजनेतलं निवासगृह, पूर्वीचं स्वाधार गृह, विचारून बघा. आधार नसलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या बायका स्वाधारच्या नियमातच होत्या. पुरुषासाठी तसं काही शोधताना दमछाक होते. दसरा चौकातून जाताना विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून गावोगावच्या पोरांची सोय लावलेलं हे शहर, आणि इथं मी एका माणसाच्या एका कॉटसाठी राजारामपुरीच्या गल्ल्या मोजते, असं चरफडायला होतं.

खोली मिळाली की करार तोंडी ठेवू नका. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे लेखी भाडेकरार, करून घ्या, रजिस्टर करा, झेरॉक्स त्याच्याजवळ आणि एक तुमच्या फायलीत. मग आधारवरचा पत्ता बदला. रेशनकार्ड शेवटी, कारण तिथं बहुतेकदा भावानं नाव आधीच कमी केलेलं असतं आणि ते कळायचा दिवस त्याला एकट्याला काढू देऊ नका.