मृगाआधी झटका मशीनचा चार्ज कंट्रोलर तपासून घ्या

राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड भागात धूळवाफ पेरण्या उरकत आल्यात. आता रोपं वर आली की गवे आणि रानडुकरं शिवारात उतरणार आणि सौर कुंपणाचं झटका मशीन रात्रभर चालवावं लागणार. नेमकं तेव्हाच, आर्द्रा ते पुष्य, घाटाकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बॅटऱ्या या दीड महिन्याच्या उपाशीपणानं जातात. तिला किती भरायचं आणि कुठं थांबवायचं हे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर ठरवतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझा कंट्रोलर मध्यरात्रीच मशीन बंद करायचा. लावण नुकतीच झालेली, बांधावर गव्याचे खूर उमटलेले. मी कंट्रोलर बाजूला सारून मशीनची वायर थेट बॅटरीला जोडली. भात वाचलं. दसऱ्याला बॅटरीची बुचं उघडली तर प्लेटा वरून पांढऱ्याफटक! बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेट कडक होऊन बसतं, मग कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी भरत नाही. कंट्रोलर बंद करत होता तो बॅटरीला वाचवण्यासाठीच.

म्हणून मशीनची वायर कंट्रोलरच्या लोडच्या, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या, जागीच जोडा. बरेच स्वस्त कंट्रोलर कंपनीतून येतानाच 11 व्होल्टच्या आसपास लोड तोडायला लावलेले असतात. झटका मशीन करंट थोडाच ओढतं, त्यामुळं 11 पर्यंत येईस्तोवर बॅटरी पार निथळलेली असते. 12 व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड, म्हणजे शिशाच्या प्लेटांच्या, बॅटरीसाठी ही मर्यादा 11.8 ते 12 व्होल्ट करा आणि पुन्हा चालू होण्याची 12.6 च्या आसपास ठेवा. लोडचा वेळ संध्याकाळ ते सकाळ असा लावता येत असेल तर ढगाळ आठवड्यात तसाच लावा.

बॅटरीचा प्रकारही सेटिंगमध्ये बघा. पाण्याची बॅटरी साधारण 14.4 ते 14.6 व्होल्टपर्यंत चढवून मग 13.6-13.8 वर धरावी लागते. जेल बॅटरीला थोडं कमी लागतं, जास्त दिलं तर ती आतून सुकते. लिथियम बसवली असेल तर लिथियमचं सेटिंग असलेलाच कंट्रोलर हवा. पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात बॅटरी तापते आणि तापलेल्या बॅटरीला तेवढाच व्होल्ट जास्त होतो, पाणी उडतं. पेटीवर सावली करा. चार्ज पूर्ण झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडतील इतकं घाला, विहिरीचं नको.

एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचा जादा व्होल्ट वाया न घालवता बॅटरीजोगा करून देणारा कंट्रोलर, घ्यावा का, असं खूप जण विचारतात. घरच्या छतावरचं 30 व्होल्टच्या पुढचं पॅनेल 12 व्होल्टच्या बॅटरीला लावणार असाल तर जरूर घ्या, कारण साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठीचंच छोटं पॅनेल असेल तर ते पैसे थोड्या मोठ्या पॅनेलला घाला. दाट आभाळात एमपीपीटीनं फारसा फरक पडत नाही.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलट. बॅटरी 12 ची की 24 ची हे बरेच कंट्रोलर बॅटरी जोडल्यावरच ओळखतात.

पावसाळाभर सकाळी मशीन बंद करून, पॅनेलवर उजेड पडायच्या आत व्होल्ट बघत जा. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. सलग दोन सकाळी 12.2 च्या खाली दिसली तर घरी आणून चार्जरवर लावा. त्या रात्री राखणीला माणसं बसवा, पण काही झालं तरी तारेत घरची वीज सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि पहाटे वैरणीला निघालेलं आपल्याच भावकीतलं माणूस त्या तारेला चिकटू शकतं.