एकच पाईप, तीन बटणं: अमेरिकेत गॅस भरताना हवा तोच ग्रेड टाकीत कसा जाईल

अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल. पंपावर त्याच्या ऑक्टेनची (इंजिनात वेळेआधी पेट न घेण्याच्या क्षमतेचा आकडा) ८७ (रेग्युलर), ८९ (मिडग्रेड) आणि ९३ (प्रीमियम, कॅलिफोर्नियात ९३ च्या जागी ९१) अशी बटणं असतात आणि पाईप बऱ्याचदा एकच. मग कुणीतरी हमखास सांगतं की अरे तू प्रीमियमचे पैसे देतोस पण आधीच्या माणसाचं रेग्युलर तुझ्या गाडीत जातं. खरं आहे, जातं. पण किती जातं आणि त्याने कुणाला फरक पडतो हे कुणी सांगत नाही, म्हणून नीट लिहितोय.

आधी आत काय होतं ते बघा. जमिनीखाली बहुतेक दोनच टाक्या असतात, एक ८७ ची आणि एक प्रीमियमची. मधलं ८९ बऱ्याच ठिकाणी वेगळं साठवतच नाहीत, पंपाच्या डब्यातच दोन भाग ८७ आणि एक भाग ९३ असं मिसळून देतात, गणित करून बघा बरोब्बर ८९ येतं. हे सगळं होतं ते पाईपच्या अलीकडे. तिथून पुढे नोजलपर्यंतचा पाईप कायम भरलेला असतो, रिकामा होतच नाही, त्यामुळे तुम्ही ट्रिगर दाबला की पहिलं बाहेर येतं ते आधीच्या गिऱ्हाइकाने निवडलेलं, आणि तुम्ही पैसे मोजून आत ढकललेलं शेवटचं तेवढंच पुढच्या माणसासाठी पाईपमध्ये राहतं. पाईपच्या लांबी-जाडीवर आहे, पण पाव ते एक तृतीयांश गॅलन धरा, म्हणजे आपल्या हिशोबात एक लिटर किंवा थोडं जास्त.

आता कारचा हिशोब. बारा गॅलन ९३ घेतलं आणि त्यातलं ०.३ गॅलन ८७ निघालं तर टाकीत सरासरी ९२.८५ पडतं. इंजिनाला कळणारसुद्धा नाही. पैशात बघायचं तर प्रीमियम आणि रेग्युलरमध्ये गॅलनमागे एक डॉलर फरक धरला तरी ३० सेंटचं नुकसान, आणि तुमच्या आधी कुणी प्रीमियम भरून गेला असेल आणि तुम्ही रेग्युलर घेतलंत तर तेवढाच फायदा. त्यामुळे कारवाल्यांनी पाईपचं टेन्शन घेऊच नका, तुमचा प्रॉब्लेम बटणाचा आहे, त्याच्यावर खाली येतो.

ज्यांनी खरंच बघायला पाहिजे ते म्हणजे बाईकवाले आणि लॉन मोअरसाठी (गवत कापायचं मशीन) कॅन भरणारे. हार्ले ९१ मागते, आणि स्पोर्टस्टरच्या काही मॉडेलची टाकी जेमतेम ३.३ गॅलनची. आता कुणी अर्धी टाकी असताना एक गॅलन टॉप-अप करतो, कॅलिफोर्नियात, ९१ चं बटण दाबून, तर त्यातलं ०.३ गॅलन ८७ असू शकतं, म्हणजे त्या गॅलनची सरासरी ८९.८. एकदा झालं तर काही नाही, पण दर वेळी असंच थोडं थोडं भरायची सवय असेल तर तुम्ही कायम मिडग्रेडच्या आसपास चालवताय आणि पैसे प्रीमियमचे देताय. उपाय सोपा, टाकी बऱ्यापैकी खाली येऊ द्या आणि मग एकदम फुल करा.

दुसरी युक्ती, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण फुकट आहे: पंपाजवळ गेलात की डिस्प्लेवर बऱ्याचदा आधीच्या गिऱ्हाइकाची रक्कम आणि गॅलन तसेच दिसत असतात. रकमेला गॅलनने भागा. ४२ डॉलर आणि १२ गॅलन, म्हणजे साडेतीन, आणि वर बोर्डावर रेग्युलर ३.४९ आहे, तर पाईपमध्ये रेग्युलर. ४.५० च्या आसपास आलं तर प्रीमियम, खुशाल लावा. (मेंबरशिपचं डिस्काउंट असेल तर थोडं इकडेतिकडे होतं पण अंदाज येतो.) शेजारचा पंप मोकळा असेल तर तोही बघा, कारण काही स्टेशनवर प्रीमियमचा पाईप वेगळा असतो आणि तिथे हा प्रश्नच येत नाही.

कॅनसाठी सरळ नियम: आधी कार, मग कॅन. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, तोच ग्रेड, नोजल पंपाला परत न अडकवता. पाईपमधलं जुनं कारच्या टाकीत जातं, कॅनमध्ये शुद्ध तुम्हाला हवं तेच. इथेनॉल नसलेलं गॅस घेणाऱ्यांनी तर हे कराच, कारण पाईप शेअर्ड असेल तर १ गॅलनच्या कॅनमध्ये ०.३ गॅलन नेहमीचं १० टक्के इथेनॉलवालं आलं की तुमच्या महागड्या इथेनॉल-फ्री मध्ये ३ टक्के इथेनॉल झालं की! आणि कॅन जमिनीवर ठेवूनच भरा, नोजल कॅनच्या तोंडाला टेकवून, डिकीत किंवा पिकअपच्या मागे ठेवून नाही, स्टॅटिकची ठिणगी पडते. काही जण पाईप उचलून हलवून जुनं काढायला बघतात, तसं होत नाही, आतला व्हॉल्व्ह बंद असतो, दोनचार थेंब पडतील तेवढेच.

आता ८८. हे नवीन आलेल्यांना हमखास फसवतं. ८७ पेक्षा नंबर मोठा आणि किंमत कमी, मग वाटतं लॉटरी लागली. ते ई१५ असतं, १५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यावर केशरी लेबल असतं ते वाचा. २००१ आणि त्यानंतरच्या कारला चालतं, पण मोटरसायकल, बोट, लॉन मोअर, स्नोब्लोअर याच्यात टाकायला कायद्यानेच बंदी आहे. पाईपचा मुद्दा इथे इतका गाजला होता की २०१२ मध्ये ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) शेअर्ड पाईपवर ई१५ विकायचं तर कमीत कमी ४ गॅलनची खरेदी असा नियम पुढे आणला, म्हणजे उरलेलं पातळ होईल, आणि मोटरसायकलवाल्यांनी बोंब मारली की आमची टाकीच ४ गॅलनची नाही. बरोबरच होतं त्यांचं. बाईकला किंवा कॅनला ई१० हवं असेल तर ज्या पाईपवर ८८ चं बटणच नाही तो पाईप घ्या.

बटणं. सगळीकडे डावीकडे ८७ असेलच असं नाही, कुठे उलटा क्रम, कुठे रेग्युलर मधोमध. हाताच्या सवयीने दाबू नका, पिवळ्या लेबलवरचा काळा आकडा वाचा. कोलोरॅडो, युटासारख्या उंचावरच्या राज्यात सगळ्यात स्वस्त ८५ असतं आणि तिथे ८७ हे बऱ्याचदा मिडग्रेड, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिलंय तर ८७च टाका. आणि भारतातून आलेल्यांसाठी, आपल्याकडे ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजतात, तिथल्या मापाने ९१ म्हणजे इथलं साधारण ८७, तेव्हा साध्या कॅमरीत ९३ टाकून इंजिनाचे लाड करू नका. गॅसच्या झाकणाच्या आत बघा, प्रीमियम ‘रिक्वायर्ड’ लिहिलंय की ‘रेकमेंडेड’, पहिलं असेल तर ऐका, दुसरं असेल तर तुमची मर्जी आणि तुमचं पाकीट.

चुकीचं बटण दाबलं गेलं आणि अजून ट्रिगर दाबला नसेल तर नोजल परत लावा, कॅन्सल करा, पुन्हा सुरू करा. एकदा गॅस वाहायला लागलं की ग्रेड लॉक होतो, मग थांबवून नोजल लावून नवीन ट्रान्झॅक्शनच करावं लागतं. अशा वेळी डेबिट कार्डवर दोनदा होल्ड पडतो (म्हणजे पैसे तात्पुरते अडकतात), तो १७५ डॉलरपर्यंत असू शकतो आणि सुटायला वेळ लागतो, विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवा.

एडिसनवाल्यांना यातलं निम्मं लागू नाही, न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतः भरायला बंदीच आहे, तिथे खिडकी खाली करून “रेग्युलर” किंवा “प्रीमियम” स्पष्ट सांगा आणि नोजल लागण्याआधी पंपावर कुठला आकडा पेटलाय तो बघा. पण पेनसिल्व्हेनियात शिरलात की वरचं सगळं लागू.

राहिलं डिझेल. त्याचा पाईप वेगळा असतो, हँडल बहुतेक हिरवं, पण बीपीच्या पंपावर हिरवं हँडल पेट्रोलचं असतं, तेव्हा रंगावर जाऊ नका. डिझेलचं नोजल जाड असल्यामुळे पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरतच नाही, उलटं मात्र आरामात होतं, पेट्रोलचं बारीक नोजल डिझेलच्या गाडीत बिनबोभाट जातं. तसं झालं तर गाडी सुरू करू नका, चावी ऑनसुद्धा करू नका, ढकलून बाजूला घ्या आणि टो बोलवा.